मथळ्यातील अध्याहार : दहशतवादाच्या बातम्यांची वाक्यरचना

वृत्तपत्राच्या मथळ्याकडे बातमीवर चिकटवलेली चिठ्ठी म्हणून पाहण्याची सवय इतकी रुळलेली आहे की, मथळा हे एक स्वतंत्र विधान असते, त्याची वाक्यरचना मजकुराच्या वाक्यरचनेहून वेगळी असते आणि बहुतेक वेळा ते वेगळ्याच हाताने लिहिलेले असते, या साध्या गोष्टीही चर्चेत येत नाहीत. बातमी वार्ताहर लिहितो. मथळा रात्रपाळीचा उपसंपादक देतो. बातमीवर वार्ताहराचे नाव छापले जाते, मथळ्यावर कोणाचेच नाही. जेरार जेनेत यांनी १९८७ साली शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना अशा संहितेच्या सीमेवरील घटकांचा विचार करताना आपल्या ग्रंथाला 'उंबरठे' असे नाव दिले. पण कवितेच्या शीर्षकाचा उंबरठा ओलांडून वाचक आत जातो. मथळ्याच्या उंबरठ्यावरून मात्र वाचकांचा फार मोठा वर्ग परत फिरतो. त्यांच्या दृष्टीने मथळा हीच संहिता असते. दहशतवादाच्या बातम्यांत या वस्तुस्थितीचे परिणाम विशेष गंभीर होतात, कारण तेथे पहिल्या दिवशीचे विधान आणि न्यायालयाचे अंतिम विधान यांत दहा-वीस वर्षांचे अंतर पडते आणि मधल्या काळात पहिले विधानच स्मरणात राहते.

वृत्तपत्रांच्या पक्षपाताची चर्चा सामान्यतः नामांभोवती फिरते. 'क्रांतिकारक' की 'अतिरेकी', 'बंडखोर' की 'दहशतवादी', हा वाद जुना आहे. त्याला मराठीत तर एक मोठा इतिहास आहे. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब फेकला गेला. किंग्जफर्ड यांच्यावर नेम धरलेल्या त्या बाँबने केनेडी मायलेकींचा बळी घेतला. त्यानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्या खटल्यातील लक्षणीय भाग असा की, टिळकांनी स्वतः केलेल्या प्रदीर्घ बचावाचा बराच वेळ मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरातील विपर्यास दाखवण्यात खर्ची घातला. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. सातांविरुद्ध दोन असा कौल पडला आणि न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. शब्दाच्या छटेवर एका माणसाची सहा वर्षे ठरू शकतात, याचा एवढा ठळक दाखला दुसरा क्वचितच सापडेल. तरीही नामाची निवड हा पक्षपाताचा तुलनेने प्रामाणिक प्रकार म्हणावा लागेल. 'अतिरेकी' हा शब्द छापील असतो. त्यावर आक्षेप घेता येतो, वाचकांच्या पत्रव्यवहारात भांडता येते. जे छापलेलेच नाही, त्यावर आक्षेप कसा घ्यावयाचा?

हा प्रश्न भारतीय वाक्यमीमांसेला अपरिचित नाही. वाक्यार्थ सिद्ध होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी यांची गरज असते. आकांक्षा अपुरी राहिली तर ऐकणारा ती अध्याहाराने भरून काढतो. 'द्वारम्' एवढेच कोणी म्हटले तर 'लावून घे' हा भाग श्रोता स्वतः पुरवतो. आता तो पुरवतो ते काय? भाट्ट मीमांसकांच्या मते गळलेला शब्द. प्राभाकरांच्या मते शब्दाच्या मध्यस्थीवाचून थेट अर्थ. हा वाद शास्त्रातील सूक्ष्मतेचा वाटला तरी मथळ्याच्या बाबतीत तो फार व्यावहारिक ठरतो. वाचक गळलेला शब्दच मनात आणत असेल, तर त्याला 'असे पोलीस म्हणतात' हे शब्दही आणावे लागतील आणि विधानाचा मालक त्याच्या नजरेसमोर राहील. पण मथळा वाचणारा तसे करत नाही. तो आपल्या आधीच्या समजुतींतून सरळ अर्थ उचलतो. येथे तरी प्राभाकरांचे म्हणणे अधिक खरे दिसते. दहशतवादाच्या मथळ्यांतील राजकीय कल शोधावयाचा तो या रिकाम्या जागांत शोधावा लागतो. तेथे काय गाळले आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणाच्या बाबतीत ते गाळलेले नाही.

नमुन्यादाखल एक वाक्य रचून पाहता येईल : 'मालेगाव येथील स्फोटात हात असल्याच्या संशयावरून दहशतवादविरोधी पथकाने तिघांना अटक केली असल्याचे पथकाच्या प्रमुखांनी पत्रकारांना सांगितले.' मराठी वार्ताहराच्या या वाक्यात काही सौंदर्य नाही. 'असल्याचे सांगितले', 'असल्याचे समजते' या त्याच्या ठेवणीतल्या शेपटांची विनोदी लेखकांनी पुष्कळ थट्टाही केली आहे. परंतु या बोजड शेपटांत एक शिस्त आहे. विधान कोणाचे, ते कितपत खात्रीचे आणि कृती कोणाची, या तीनही प्रश्नांची उत्तरे त्यांत शाबूत राहतात. आता याच वाक्याचा मथळा करावयाचा झाल्यास तो साधारणतः असा होईल : 'मालेगाव स्फोट : तीन दहशतवादी अटकेत'. 'सांगितले' गेले, 'संशयावरून' गेले, 'पथकाने' गेले. वाक्यातून हे तीन शब्द वगळल्यावर जी जागा मोकळी झाली तेथे मूळ वाक्यात कोठेही नसलेला 'दहशतवादी' हा शब्द येऊन बसला. शिवाय 'अटक केली' या घटनेचे 'अटकेत' या स्थितीत रूपांतर झाले. घटनेला कर्ता लागतो, वेळ लागते, ती चुकीचीही असू शकते. स्थितीला यातले काहीच लागत नाही.

टोनी ट्रू यांनी १९७९ च्या 'लँग्वेज अँड कंट्रोल' या सहलिखित ग्रंथात ऱ्होडेशियातील १९७५ च्या गोळीबाराच्या ब्रिटिश बातम्या तपासल्या होत्या. इंग्रजी कर्मणी रचनेत गोळ्या झाडणारे पोलीस वाक्याच्या शेवटी जातात आणि पुढच्या पुनर्कथनांत अदृश्य होतात, हे त्यांनी दाखवले. ते विश्लेषण मराठीला जसेच्या तसे लावता येत नाही. इंग्रजीत कर्ता लपवण्यासाठी वाक्य उलटे करावे लागते आणि ती उलटापालट डोळस वाचकाला दिसते. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ मुळातच तृतीयान्त कर्त्याचा. 'पोलिसांनी' हा शब्द उचलून घेतला तरी उरलेल्या वाक्याच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. 'तिघांना अटक' हे मराठी कानाला पूर्णच वाटते. भाषेची ही लवचीकता बोलण्यात सोयीची आहे. मथळ्यात मात्र ती जबाबदारी टाळण्याची सोय होते. 'संशयित' या विशेषणाचेही तेच. 'संशयित दहशतवादी' असे म्हटले की संपादकीय विवेक पाळला असे मानले जाते. पण संशय कोणाचा, हे त्या कर्मणी धातुसाधितात नाही. संशय घेणाऱ्यापासून तो सुटतो आणि ज्याच्यावर घेतला त्याच्या अंगाला गुणासारखा चिकटतो. 'चकमकीत ठार' हे शब्द याच जातीचे. चकमक म्हटले की दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला हे गृहीत धरले जाते. आणि मेलेल्यांच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न अनेकदा चौकशीचा विषय असतो. 'कंठस्नान घातले' यावर तर वेगळे भाष्य नको. ती बखरीची भाषा आहे, बातमीची नव्हे.

मालेगावचे उदाहरण या विवेचनासाठी घ्यावयाचे कारण असे की, एकाच गावात, दोन वर्षांच्या अंतराने, एकाच तपास यंत्रणेच्या हातून परस्परविरुद्ध राजकीय अर्थ असलेली दोन प्रकरणे तेथे घडली. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शुक्रवारी, शब-ए-बरातच्या दिवशी बडा कब्रस्तान आणि हमीदिया मशिदीच्या परिसरात स्फोट झाले. ३० हून अधिक माणसे मेली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम पुरुषांना आरोपी केले आणि त्याच वर्षी आरोपपत्र दाखल केले. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे आणि २०११ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. त्या यंत्रणेने २०१३ मध्ये सर्वस्वी वेगळ्या व्यक्तींविरुद्ध आरोपपत्र ठेवले. २५ एप्रिल २०१६ रोजी पहिल्या नवांपैकी हयात असलेल्या आठ जणांना विशेष न्यायालयाने दोषारोपातून मुक्त केले. नववा त्यापूर्वीच मरण पावला होता. दुसरा स्फोट २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री भिक्कू चौकात झाला. सहा जण मृत्यू पावले, सुमारे १०० जखमी झाले. या वेळी हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालील त्याच पथकाने साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आणि इतरांना अटक केली.

पथक तेच, माहिती देण्याची पद्धत तीच, 'सूत्रां'ची अनामिकताही तीच. बदलले ते अध्याहाराचे नियम. २००६ मध्ये पथकाचे म्हणणे हे ज्यांच्या दृष्टीने सरळ तथ्य होते, त्यांपैकी अनेकांना २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अचानक 'दावा', 'आरोप', 'पोलिसी कथा' हे शब्द आठवले. 'सामना'ने पथकावर उघड हल्ला चढवला. तो निदान उघड होता आणि मुखपत्राकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. उलट बाजूनेही तेच घडले. २००६ मध्ये पोलिसांच्या प्रत्येक विधानाला 'कथित'चे कुंपण घालणाऱ्या काही लेखण्यांनी २००८ मध्ये ते कुंपण स्वतःच काढून टाकले आणि अटकेपासून सिद्धतेपर्यंतचा प्रवास एका समासात उरकला. पुढे ऑगस्ट २०१० मध्ये तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांच्या तोंडून 'भगवा दहशतवाद' हा समास अधिकृत व्यासपीठावर आला, तेव्हा त्याच्या विग्रहाची चौकशी फारशी कोणी केली नाही. 'भगव्याचा', 'भगव्याने', 'भगव्यासाठी' की 'भगवा असा'? विभक्तीचा लोप हेच समासाचे सामर्थ्य आहे आणि 'इस्लामी दहशतवाद' या जुळ्या भावंडाच्या बाबतीतही वेगळे काही म्हणता येणार नाही. मध्ये २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली. करकरे मारले गेले. आदल्या आठवड्यापर्यंत ज्यांच्या मथळ्यांत त्यांच्या पथकाचे प्रत्येक वाक्य अवतरणचिन्हांत अडकलेले होते, तेथे ते हुतात्मा झाले. या बदलाबद्दल कोणी वाचकाला स्पष्टीकरण देण्याच्या भानगडीत पडले नाही.

म्हणजे स्रोताचा उल्लेख मराठी मथळ्यात बसतच नाही असे नाही. तो बसतो, फक्त आरोपी 'आपला' असतो तेव्हा. जागेच्या टंचाईचे जे समर्थन उपसंपादकांकडून नेहमी केले जाते, ते येथे कोसळते. दोन कॉलमांच्या मथळ्यात अक्षरे मोजावी लागतात हे खरे. मध्यरात्री पान सोडण्याची घाई, इंग्रजी वृत्तसंस्थेच्या मजकुराचे धावते भाषांतर, प्रतिस्पर्धी पत्राची धास्ती, हेही खरे. त्यातून होणाऱ्या चुका सर्व दिशांना सारख्या विखुरल्या असत्या तर त्यांना घाई म्हणता आले असते. पण 'दावा' हा दोन अक्षरी शब्द एका खटल्यात मावतो आणि दुसऱ्यात मावत नाही, याचा संबंध कॉलमाच्या रुंदीशी नाही. तेवढ्यावरून प्रत्येक उपसंपादक हा कोणत्या तरी पक्षाचा हस्तक ठरतो, असा निष्कर्ष काढणेही बालिशपणाचे होईल. बहुतेकदा त्याला आपण काही गाळले याची जाणीवही नसते. जे त्याला स्वाभाविक वाटते तेच तो अध्याहृत ठेवतो, आणि स्वाभाविक काय वाटते हे त्याच्या भोवतालच्या राजकारणाने आधीच ठरवलेले असते.

कर्ता गाळण्याच्या या सर्वसाधारण नियमाला एकच ठळक अपवाद आहे. तो म्हणजे 'कबुली'. 'आरोपीने दिली कबुली' या मथळ्यात कर्ता अगदी डौलाने उभा असतो. कबुली देणे ही क्रिया स्वेच्छेची, निदान मराठीत तरी. पोलिसांपुढील कबुलीजबाबाला सर्वसाधारण पुरावा कायद्यात किंमत नाही. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखाली, म्हणजे 'मकोका'खाली मात्र पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब ग्राह्य धरता येतो. ही तरतूदच मथळ्यातून गळते. कबुली कोणापुढे दिली, कोणत्या कोठडीत, किती दिवसांनी, हे प्रश्न त्या तीन शब्दांत मावत नाहीत आणि ज्या एकाच ठिकाणी आरोपी वाक्याचा कर्ता होतो, ते वाक्य त्याच्याविरुद्धचे असते. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकलगाड्यांच्या बाँबस्फोटांच्या खटल्यात हे फार महाग पडले. सात स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मेले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना दोषमुक्त केले. त्यात कबुलीजबाब विश्वासार्ह नसल्याचा भाग महत्त्वाचा होता. या बारांपैकी दोघे मालेगावच्या २००६ च्या प्रकरणातही आरोपी होते. एका खटल्यात दोषारोपातून मुक्त आणि दुसऱ्यात शिक्षा भोगणारे, अशी त्यांची अनेक वर्षे गेली. बारांपैकी एकाचा तर निकालापूर्वी, २०२१ मध्ये, तुरुंगवासातच मृत्यू झाला.

अभिधेने जे छापता येत नाही ते व्यंजनेने सुचवण्याची साधनेही मराठी मथळ्याने विकसित केलेली आहेत. प्रश्नचिन्ह हे त्यांतले सर्वांत स्वस्त. 'अमुक संघटनेचा हात?' या मथळ्यावर अब्रुनुकसानीचा दावा चालणे कठीण, पण वाचकाच्या मनात चिन्ह टिकत नाही, हात टिकतो. एकेरी अवतरणचिन्हे दुसरे. २२ जुलै २०११ च्या नॉर्वेतील हत्याकांडानंतर ब्रिटनच्या 'द सन'ने पहिल्या पानावर अल-कायदाचे नाव अशाच अवतरणचिन्हांत छापले होते. खुनी नॉर्वेचाच, अतिउजव्या विचारांचा निघाला. अवतरणचिन्हांनी वृत्तपत्राला वाचवले, वाचकाला नव्हे. मराठीत याला रूपकांची जोड मिळते आणि ती रूपके चमत्कारिकरीत्या एकाच कुळातली आहेत : सूत्रे, सूत्रधार, धागेदोरे, जाळे. 'सूत्रां'नी 'सूत्रधारा'विषयी सांगितले असे वाक्य रोज छापले जाते आणि संस्कृत नाटकात नांदीनंतर रंगभूमीवर उघडपणे येणारा, प्रेक्षकांशी बोलणारा सूत्रधार हा आता कधीच न दिसणारा माणूस झाला आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. यंत्रमागांच्या मालेगावात या धाग्यादोऱ्यांच्या बातम्या वाचणाऱ्यांना त्या शब्दांचा काय वास येत असेल, हा एक वेगळा विषय.

अध्याहाराची खरी कसोटी निकालाच्या दिवशी लागते. २१ जुलै २०२५ नंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या खटल्यात विशेष न्यायालयाने सातही आरोपींना दोषमुक्त केले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही आणि आरोपींना संशयाचा फायदा मिळाला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. दोन्ही निकाल अभियोगपक्ष गुन्हा सिद्ध करू शकला नाही या पायावर उभे होते. एकाच भाषेच्या वाचकापुढे दहा दिवसांत दोन समान विधाने आली. त्यांच्यासाठी मराठीत तीन तऱ्हेचे शब्द उपलब्ध होते. 'निर्दोष' हे माणसाचे विशेषण आहे. 'पुराव्याअभावी मुक्तता' हे तपासाच्या कागदांचे वर्णन आहे. 'सुटले' यात तर पळवाटेची सूचना आहे. पोलिसांच्या हातून चोर सुटतो आणि न्यायालयातून आरोपी सुटतो, क्रियापद एकच. ज्या पत्राने एका निकालाला 'निर्दोष' आणि दुसऱ्याला 'पुराव्याअभावी' हा शब्द लावला, त्याचा कल कळण्यासाठी अग्रलेख वाचण्याची गरज राहत नाही, मग तो शब्द कोणत्याही क्रमाने लावलेला असो. राज्यकर्त्यांनी या निवडीला आधारही पुरवला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पहिल्या निकालाला धक्कादायक म्हटले. दुसऱ्याचे स्वागत करताना दहशतवाद भगवा नव्हता आणि नसेल असे सांगितले. पहिल्या निकालाविरुद्ध राज्य शासन तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ जुलैला त्या निकालाचा इतर खटल्यांत पायंडा म्हणून वापर करण्याला स्थगिती मिळाली; सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले गेले नाही. 'निकालाला स्थगिती' एवढ्या मथळ्यातून यातला उत्तरार्ध कसा कळावा?

दोषारोपातून मुक्तता आणि खटल्याअंती दोषमुक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत खटला चालवण्याइतकाही आधार नसल्याचे न्यायालय म्हणते. मराठी वृत्तपत्रांच्या परिभाषेत हा भेद रुजलेला नाही. दोन्हींसाठी 'निर्दोष मुक्तता' किंवा 'सुटका' चालते. २०१६ मध्ये मालेगावच्या त्या आठ जणांविषयी न्यायालयाने जे म्हटले ते 'सुटका' या शब्दाने अर्धेच पोचते. आणि कधी शब्द बरोबर असूनही उपयोग होत नाही. गुजरातमधील अक्षरधाम मंदिरावरील २००२ च्या हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना दोषमुक्त केले, त्यांतले तिघे फाशीची शिक्षा झालेले होते. तो दिवस १६ मे २०१४ चा, लोकसभेच्या मतमोजणीचा. दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्या बातमीला कितीही काटेकोर मथळा दिला असता तरी तो कोणत्या पानावर लागला असता, हे सांगावयास नको.

भिक्कू चौकातल्या स्फोटाच्या निकालपत्रात आणखी एक आदेश आहे : सहा मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना प्रत्येकी ५० हजार रुपये भरपाई द्यावी. देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, हे सारे त्या वाक्यात स्पष्ट आहे. 'निर्दोष' असो की 'पुराव्याअभावी', कोणत्याच मथळ्याच्या रचनेत या माणसांना विभक्ती मिळत नाही. आणि स्फोट कोणी केला, या वाक्यातील तृतीयेची जागा १७ वर्षांनी लागलेल्या निकालानंतरही रिकामीच राहिली.